रिकाम्या तुरुंगाचं भाडं

लेस्टर, इंग्लंड,
१२ ऑक्टोबर २०२५

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "तिकडे एका कैद्यामागे सरकारला वर्षाला किती खर्च येतो?" आणि मागून आई म्हणाली, "येरवडा तुरुंगातून रिटायर होऊन बारा वर्षं झाली, तरी यांची गिनती काही सुटत नाही." तेव्हा मी गडबडीत होते. आज निवांत लिहिते.

पन्नास हजार पौंडांच्या वर. आपल्याकडचे पन्नास लाखांपुढे. यात जेवण थोडंच, तुमच्यासारख्यांचे पगार आणि इमारतीचा खर्चच मोठा.

आमच्या इथून बसनं थोड्या अंतरावर ग्लेन पार्वाला जुना तरुण पोरांचा तुरुंग होता. तो पाडून तिथं २०२३ साली 'फॉस वे' उघडला. सतराशे जणांची सोय, बांधायला २८ कोटी ६० लाख पौंड. चालवते सर्को नावाची खासगी कंपनी. खिडक्यांना गजच नाहीत, जाड काच आहे. टाळाबंदीला गज ठोकून बघणारे तुम्ही, तुम्हाला तिथं काय करमणार! दोनच वर्षांनी यॉर्कजवळ 'मिलसाइक' सुरू झाला. माणसं दीड हजार, म्हणजे कमी, आणि खर्च ४० कोटी.

असे एकूण वीस हजार नवे बंदी मावतील एवढं बांधायचं ठरलं होतं. ते व्हायचं होतं याच दशकाच्या मध्यापर्यंत, आता २०३१ म्हणतात. इथल्या ऑडिटवाल्यांनी गेल्या वर्षी हिशेब मांडला: २०२१च्या अंदाजापेक्षा निदान ४२० कोटी पौंड जास्त लागणार. बांधकाम महागलं हे एक. दुसरं म्हणजे तुरुंग सगळ्यांना हवा असतो, फक्त आपल्या गावाबाहेर. आमच्याच जिल्ह्यात गार्टरीला नव्या तुरुंगाची परवानगी तिथल्या कौन्सिलनं २०२२ला नाकारली. पुढच्या वर्षी वरून मंत्र्यांनी ती दिली.

तोवर माणसं ठेवायची कुठं? पोलीस कोठडीत. तिचा खर्च एका माणसामागे रोजचा ६८८ पौंड, तुरुंगाच्या जवळजवळ पाचपट! शेवटी गेल्या वर्षी सप्टेंबरात गंभीर गुन्हे वगळून बाकीच्यांना निम्म्याऐवजी चाळीस टक्के शिक्षा झाली की सोडायला लागले. पहिल्याच दिवशी सतराशेच्या आसपास बाहेर. तुमच्या भाषेत सरसकट माफी, म्हणजे शिक्षेत सूट.

आता मुद्दाम तुमच्यासाठी राखून ठेवलेली गोष्ट. डार्टमूर म्हणून १८०९चा दगडी तुरुंग आहे, नेपोलियनच्या लढायांतल्या कैद्यांसाठी बांधलेला. तिथं जमिनीतून रेडॉन नावाचा किरणोत्सारी वायू येतो, म्हणून गेल्या वर्षी उन्हाळ्यात अख्खा रिकामा केला. पण जागा डची ऑफ कॉर्नवॉलची, म्हणजे युवराजांच्या इस्टेटीची. २०२२ला नवा भाडेकरार झाला, त्यातून २०३३ पर्यंत सुटका नाही. भाडं वर्षाला १५ लाख पौंड. इकडे पोलीस कोठड्या भाड्यानं घेतल्यासारख्या वापरायच्या आणि तिकडे रिकाम्या बराकींचं भाडं भरायचं. रेडॉनचा धोका करार करतानाही माहीत होता म्हणे! आपल्या सोसायटीचा सेक्रेटरीसुद्धा असा करार करणार नाही, आणि त्याला तर तुम्ही रोज नावं ठेवता.

हे वाचून "बघा, साहेबांचं पण आपल्यासारखंच" असं म्हणू नका हं. येरवड्यात क्षमतेच्या दुपटीहून जास्त माणसं आहेत आणि त्यातले बहुतेक कच्चे कैदी, अजून निकालच न लागलेले. तुम्हीच सांगायचात, एका कुशीवर झोपलं की दुसऱ्या कुशीवर वळायला शेजाऱ्याला उठवावं लागतं. इथं निदान तसं नाही. पण इथंही बांधायच्या पैशांवर जेवढी चर्चा होते, तेवढी 'एवढे आत येतात कशानं' यावर होत नाही. शिक्षा मात्र वर्षागणिक लांबत गेल्या आहेत.

बाकी, थंडी सुरू झाली. यंदा चकली मीच करणार आहे, भाजणी पोचली. येरवड्याच्या विक्री केंद्रातून आणलेली कैद्यांनी विणलेली सतरंजी हॉलमध्ये अंथरलीय. शेजारीण विचारते, कुठून घेतली? मी सांगते, "वडिलांच्या ऑफिसातून."

गुडघ्याचा एक्स-रे काढलात का? खरं सांगा.

तुमची,
शुभा