पंचगंगेची पातळी ‘४३.११’ म्हणजे किती?

महोदय,

पावसाने जोर धरला की साऱ्या कोल्हापूर जिल्ह्याचे लक्ष पंचगंगेची पातळी मोजतात त्या राजाराम बंधाऱ्याकडे लागते. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. पण मागच्या वीस पावसाळ्यांची पातळी एका तक्त्यात मागून पाहा! हाती येतात स्कॅन केलेल्या पीडीएफ, आणि त्यात ४३ फूट ११ इंच कुठे कुठे ‘४३.११’ असे लिहिलेले. संगणक त्याला दशांश समजतो आणि ‘४३.२’पेक्षा, म्हणजे ४३ फूट २ इंचांपेक्षा, कमी धरतो. नदी चढत असते आणि आलेख उतरतो. फूट आणि इंच वेगळ्या रकान्यांत लिहिले तरी हे टळेल.

वेळेचाही असाच घोळ. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, उपग्रहांच्या नोंदींचा आपल्या पहाटे साडेपाचला. त्यामुळे २२ तारखेच्या संध्याकाळची सर उपग्रहांच्या नोंदीत २२ला दिसते, खात्याच्या नोंदीत २३ला. प्रत्येक नोंदीला वेळ हवीच.

माहितीच्या मोठ्या साठ्यांची अडचण वेगळी. हवामान खात्याचा १९०१पासूनचा देशाचा दैनंदिन पाऊस अक्षांश-रेखांशांच्या पाव अंशाच्या चौकटींत मोफत मिळतो. एका वर्षाची एक फाइल, १३५ गुणिले १२९ चौकटी, सुमारे २५ एमबी. गगनबावड्याच्या एका चौकटीची २०२०पर्यंतची मालिका हवी असेल तर १२० फायली, म्हणजे ३ जीबी उतरवा. त्यातले कामाचे आकडे जेमतेम १७५ केबी! हाच साठा ‘झार’ (Zarr) या माहिती साठवण्याच्या पद्धतीने तुकड्यांत मांडता येतो: पाच बाय पाच चौकटी आणि त्यांची सगळी वर्षे एका तुकड्यात. फाइल दाबून लहान (कॉम्प्रेस) न करताही तो साडेचार एमबीत बसतो, आणि वाचणारा तेवढाच मागवतो. एकेका चौकटीचा तुकडा मात्र करू नये, नाहीतर एका दिवसाच्या नकाशासाठी १७,४१५ तुकडे मागवावे लागतील. नकाशेवाल्यांसाठी वर्षवार फायलीही राहू द्याव्यात; ३ जीबी जागा आज कुणालाही जड नाही.

तरी ही चौकट साधारण २७ किलोमीटरची. घाटमाथ्याचा मुसळधार आणि पूर्वेकडची रिपरिप तिच्या एकाच आकड्यात मिसळते. म्हणून जिल्ह्यातल्या पर्जन्यमापकांच्या रोजच्या नोंदी साध्या सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या मजकूर-फाइलीत, खुल्या व्हाव्यात: केंद्र, तारीख, वेळ, मिलिमीटर. मापक बंद असेल त्या दिवशी रकाना कोरा ठेवावा. तिथे शून्य भरले की ऐन पुरातला दिवस कोरडा ठरतो.

– पूर व पर्जन्य अभ्यासक, कोल्हापूर