काका, त्या दाराबद्दल मनापासून आभार

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

तुमच्या निरोप समारंभात मी हार घेऊन रांगेत उभी होते, पण बोलायचं ते राहूनच गेलं. म्हणून आज सगळ्यांसमोर लिहिते आहे.

कुपवाड एमआयडीसीतल्या तुमच्या शॉपमधलं ड्रिलिंग एसपीएमचं (एकाच कामासाठी बनवलेल्या खास मशीनचं) गार्ड, म्हणजे सुरक्षेचं आवरण, हे माझं पहिलं स्वतंत्र काम. ४० बाय ४० चं अॅल्युमिनियम प्रोफाइल, ६ मिलिमीटर पॉलीकार्बोनेट (पारदर्शक प्लॅस्टिक) आणि समोर ९०० रुंद, १८०० उंच असं एकच दार. ड्रॉइंगवर फार देखणं दिसायचं. दीड महिन्यात ते झुकलं. वीसेक किलोचं ओझं दोन बिजागऱ्यांवर. त्यांना धरणारे टी-नट प्रोफाइलच्या खाचेत खाली सरकले आणि इंटरलॉकची, म्हणजे दार उघडं असताना मशीन चालू न देणाऱ्या स्विचची, चावी त्यात बसेना. एक दिवस येऊन बघते तर दार सताड उघडं, मशीन चालू. जादाची चावी स्विचमध्ये खोचलेली, वर काळी टेप.

मी ऑपरेटरची तक्रार करायला निघाले होते. तुम्ही मशीन बंद केलंत, टेप सोलून चावी खिशात टाकलीत आणि माझ्यापुढे स्टूल सरकवलंत. "बस हितं. अर्धा तास बघ, त्यो दार किती येळा उघडतोय."

१४ वेळा. त्यातले ११ फेरे नुसते ब्रशनं चिप्स (धातूचा कीस) झाडायला. दर वेळी दार उचलून सोडवायचं, ते मागच्या ट्रॉलीवर आपटायचं, तो एक पाऊल मागं व्हायचा, मग वाकून हात घालायचा. त्याला हवी होती कमरेच्या उंचीवर ३०० मिलिमीटरची जागा. मी त्याला अख्खी भिंत उघडायला लावत होते.

मग तुम्ही फरशीवर खडूनं काढून दाखवलंत. चिप्ससाठी छोटं सरकतं दार, तेही वरून टांगलेलं, कारण खालच्या रेलमध्ये चिप्स साचून ते अडकणारच. टूल बदलायला वेगळं, अरुंद दार. तीन बिजागऱ्या, कोपऱ्यांत गसेट (आधाराच्या त्रिकोणी पट्ट्या), बिजागरी सरकू नये म्हणून पिन. मागची बाजू महिन्यातून एकदा उघडते, तिथं बोल्टचं पॅनेलच बरं. स्पिंडल (ड्रिल फिरवणारा दांडा) थांबायला किती वेळ लागतो तेही तुम्ही मोजायला लावलंत. ६ सेकंद! हात तर एका सेकंदात आत. म्हणून दोन्ही दारांना स्पिंडल थांबेपर्यंत न उघडणारं लॉक बसवलं.

आयएसओ १४११९ हे इंटरलॉकचं आंतरराष्ट्रीय मानक मी वाचलं होतं, काका. इंटरलॉक बायपास करायचं कारणच उरू नये, असं डिझाइन करा, हेही त्यात आहे. मी त्यातून स्विच कसा लपवायचा एवढंच उचललं होतं. तुम्ही तो कागद कधी पाहिला नसेल, पण त्यातलं महत्त्वाचं मला तुमच्याकडून कळलं. तुम्ही त्या पोराला एका शब्दानं बोलला नाहीत, हेही मी विसरले नाही. त्याची दहाही बोटं आज शाबूत आहेत.

पॉलीकार्बोनेट थिनरनं पुसू नका, बारीक तडे जातात, हे तुमचं सांगणं आता मी प्रत्येक मशीनवर स्टिकर करून लावते.

सध्या मिरजेच्या एका कामासाठी वर उचलायचं दार करते आहे, गॅस स्प्रिंगवरचं. स्प्रिंग कमजोर झाली तर दार खाली वाकलेल्या माणसाच्या डोक्यात येऊ नये, म्हणून आधाराची कडी कुठं द्यावी ते ठरत नाहीये. रविवारी ड्रॉइंग घेऊन घरी आले तर चालेल का?

काकूंना नमस्कार.

तुमची,
डिझाइनवाली पोरगी