वजन नियंत्रण कार्यक्रमातील सदोष आहार-आराखड्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

महोदय,

आपल्या ॲपवरील १२ आठवड्यांच्या वजन नियंत्रण कार्यक्रमाची मी सभासद आहे. पूर्ण वर्गणी आगाऊ भरून मी सात आठवडे त्यातील प्रत्येक सूचना पाळली. ग्राहक सेवा केंद्राकडे दोनदा लेखी विचारणा केली, तेव्हा दोन्ही वेळा ‘चिकाटी सोडू नका’ एवढेच ठरावीक उत्तर आले, म्हणून हे सविस्तर पत्र लिहीत आहे. अपेक्षेइतके वजन उतरले नाही, ही माझी तक्रार नाही. वजनकाट्यावरच्या रोजच्या चढउताराला आपले ॲप ग्राहकाची चूक ठरवते आणि त्या चुकीपायी त्याचे जेवण कमी करते, ही माझी तक्रार आहे.

पहिल्या आठवड्यात माझे वजन अडीच किलोने उतरले. ॲपने अभिनंदन केले आणि त्याच वेगाने सरळ खाली जाणारी रेघ काढून १२ आठवड्यांनंतरचे वजनही दाखवले. शरीरात साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत (म्हणजे शरीरातील साखरेच्या साठ्यासोबत) सुमारे तीन ग्रॅम पाणी असते आणि आहार कमी होताच सुरुवातीला हेच पाणी जाते, ही गोष्ट आपल्या आहारतज्ज्ञांना ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. तरीही ती मला कोणी सांगितली नाही. मी मात्र त्या रेघेवर विश्वास ठेवून बसले.

तिसऱ्या आठवड्यातील एका सकाळी काट्यावर आदल्या दिवसापेक्षा ९०० ग्रॅम जास्त दिसले. पडद्यावर लाल बाण आला आणि त्याखाली प्रश्न होता : ‘काल कुठे चूक झाली?’ मी आदल्या दिवसाची नोंद तीनदा तपासली. नाश्त्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत सगळे आराखड्याप्रमाणेच होते, फक्त रात्रीचे जेवण थोडे खारट झाले होते. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. त्या हिशेबाने ९०० ग्रॅम चरबी वाढायला गरजेपेक्षा जवळजवळ ७,००० कॅलरी जास्त पोटात जायला हव्या होत्या, आणि मी दिवसभरात १,२०० खाल्ल्या होत्या. म्हणजे वाढलेले ते वजन बहुतांशी खारट जेवणामुळे शरीरात थांबलेल्या पाण्याचे असावे. हे गणित मी महिनाभराने मांडले; त्या सकाळी मी काट्याशेजारी उभी राहून रडले होते.

त्याच दिवशी ॲपने माझी मर्यादा १,००० कॅलरींवर आणली आणि पाचव्या आठवड्यात पुन्हा लाल बाण आल्यावर ती ७९० केली. या दोन्ही वेळी कोणी फोन केला नाही, की कोणता आजार आहे, कोणती औषधे चालू आहेत, हे विचारले नाही. दिवसाला ८०० कॅलरींपेक्षा कमी आहार वैद्यकीय देखरेखीशिवाय घेऊ नये, हा वैद्यकीय क्षेत्रात सर्वमान्य असलेला दंडक आहे. फार झपाट्याने वजन उतरवल्यास पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, चरबीबरोबर स्नायूही झिजतात. जिना चढताना मला अंधारी येऊ लागली. दिवसभर मन खाण्याभोवतीच घुटमळे आणि रात्री साडेअकराला मी फ्रीजचे दार उघडून, दिवा न लावता, उभ्याउभ्या हाताला लागेल ते खात असे. सकाळी त्याची नोंद करायची लाज वाटायची.

हा माझ्या मनाचा दुबळेपणा आहे, असेच मी समजत होते. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास करण्यात आला, तेव्हा त्यांचेही विचार सतत अन्नाभोवती फिरू लागले होते. त्यांना दिवसाला सरासरी सुमारे १,५७० कॅलरी मिळत. त्यांना चालणे आणि काम बरेच करावे लागे, हे खरे. पण माझ्या वाट्याला आलेला आकडा त्याच्या जेमतेम निम्मा होता.

अखेर डॉक्टरांच्या सल्ल्याने मी आपला आराखडा बंद केला. आता ताटाचा अर्धा भाग भाज्यांचा असतो, प्रत्येक जेवणात प्रथिने असतात, रोज चालणे होते आणि वजन आठवड्यातून एकदाच करून महिन्याची सरासरी पाहते. वजन सावकाश उतरते आहे. रात्रीचे चोरून खाणे थांबले, याचे मला त्याहून अधिक समाधान आहे.

उरलेल्या पाच आठवड्यांची वर्गणी मला परत मिळावी आणि सात आठवड्यांच्या माझ्या नोंदींची प्रत डॉक्टरांना दाखवण्यासाठी द्यावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एका दिवसाच्या वजनावरून कॅलरी आपोआप घटवणे तातडीने बंद करावे, ८०० च्या खालचा आराखडा डॉक्टरांच्या लेखी संमतीशिवाय कोणालाही देऊ नये आणि लाल बाणाखालचा तो प्रश्न काढून टाकावा. माझ्यासारखेच आणखी कोणी उद्या सकाळी तो वाचणार आहे, म्हणून ही शेवटची मागणी मी परताव्याच्याही आधी धरते.

या पत्राचे उत्तर ठरावीक मजकुराऐवजी आपल्या जबाबदार आहारतज्ज्ञांकडून, लेखी आणि १५ दिवसांच्या आत मिळावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
कार्यक्रमाची एक सभासद

सोबत : सात आठवड्यांतील वजनाच्या नोंदी, कॅलरी मर्यादा बदलल्याच्या दोन्ही सूचनांची छायाचित्रे व ग्राहक सेवा केंद्राची दोन उत्तरे.