शेरूच्या डॉक्टर मॅडमना

सप्रेम नमस्कार मॅडम,

समोर आभार मानायला लागलो की तुम्ही लगेच पुढच्या म्हशीकडे वळता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

पहिली फिट पहाटे आली. आमचा कुत्रा शेरू शहाबादी फरशीवर आडवा, पाय सायकल मारल्यासारखे, तोंडाला फेस. आईने चप्पल हुंगवली, शेजारच्या काकांनी कांदा फोडला आणि जीभ अडकेल म्हणून मी तोंडात हात घालायला निघालो होतो. थांबल्यावर तो भिंतींना धडकत फिरायला लागला, आम्हाला ओळखेना. उजाडेपर्यंत गल्लीभर झालं, कुत्रं पिसाळलं. आधी जिथे नेला तिथेही लांबूनच बघून 'सोडून द्या' म्हणाले.

तुम्ही नुसते प्रश्न विचारत बसलात. रेबीजची लस कधी? कुणी चावलं? शेतात फवारणी झाली का, उंदराचं औषध टाकलं होतं का? गोचीड? डोक्याला मार? पुढच्या खेपेला व्हिडिओ काढा म्हणालात, तेव्हा खरं सांगतो, राग आला होता. जीव चाललाय आणि ह्यांना व्हिडिओ हवा! पण रक्तातली साखर, कॅल्शियम, लिव्हर सगळं नीट आलं, तेव्हा तोच व्हिडिओ कामाला आला. वय साडेतीन वर्षं, फिट झोपेत, मधल्या दिवसांत कुत्रा एकदम ठणठणीत. 'कारण सापडत नाही, त्यालाच एपिलेप्सी म्हणायचं,' असं सरळ सांगितलंत. सहा महिने ते सहा वर्षं या वयात सुरू झाली तर बहुतेकदा हीच असते. म्हाताऱ्या कुत्र्याला पहिल्यांदा आली असती तर मेंदूतल्या गाठीची शंका आधी घेतली असती, हेही.

कॅल्शियमचं का बघता विचारलं तर म्हणालात, व्यायलेल्या म्हशीला मिल्क फीवर होतो ना, पिल्लं पाजणाऱ्या कुत्रीचंही कॅल्शियम असंच उतरतं, आणि ती थरथरत फिटमध्ये जाते. मी गप्प झालो. आमची चंपी तशीच गेली, चार पिल्लं पदरात टाकून. आम्ही बाहेरचं म्हणून लिंबू उतरवत बसलो होतो. कॅल्शियमच्या सलाईनने ती वाचली असती. हे तुम्हाला त्या दिवशी बोललो नाही.

शेरूला फिनोबार्बिटोनची साठची गोळी, सकाळी एक, संध्याकाळी एक. पूर्ण असर यायला दोन आठवडे लागतील, तोवर झोकांड्या खाईल, पाणी ढसाढसा पिईल, सारखी भाकरी मागेल, असं आधीच सांगितलं होतंत, म्हणून घाबरलो नाही. पण चुलतबहिणीच्या लग्नात दोन दिवस गोळी राहिली ती माझी चूक. एका रात्रीत तीन फिट. रात्री दीडला तुम्ही पहिल्या रिंगला फोन उचललात. 'घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली का?' गेली होती. फ्रीजवर ठेवलेली बिनसुईची सिरिंज, त्यातलं फिट थांबवायचं औषध, डायझेपाम, मागून कसं द्यायचं, एकेक पायरी सांगितलीत. माझा हात थरथरत होता, तुमचा आवाज नाही. मग लगेच गाडीत घालून आणायला लावलंत आणि आम्ही पोचलो तेव्हा दवाखान्याचा दिवा लागलेला होता. चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात 'एकदम बंद करायची नाही' लिहून दोनदा अधोरेखित केलंत. रागावला मात्र नाहीत.

आता कॅलेंडरवर फिटच्या दिवशी लाल फुली मारतो. गेल्या सात महिन्यांत दोनच आहेत. काका अजून कांदा घेऊन धावतात, पण आता आम्ही फक्त पाट-खुर्च्या बाजूला सरकवतो, दिवा मंद करतो आणि वेळ मोजतो.

लिव्हरची सहामाही तपासणी पुढच्या महिन्यात. गुऱ्हाळ चालू झालंय, येताना काकवीची बरणी आणतो. पैसे विचारायचे नाहीत.

तुमचा,
शेरूचा मालक