गोधडी तीन थरांचीच शिवते आहे

जळगाव

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आम्ही सर्व येथे खुशाल आहोत. फोनवर बोलणे होतेच. परंतु गोधडीचा विषय निघाला की आई, तू ‘आपल्याकडे अशा पातळ करत नाहीत’ असे म्हणून मला मध्येच थांबवतेस. पत्राला मध्येच थांबवता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

तू दिलेल्या आजीच्या लुगड्यांपैकी दोन मी गोधडीसाठी काढली आहेत. नऊ वार म्हणजे २७ फूट. ७ फुटांची गोधडी धरली तर एका लुगड्याचे तीन पट्टे निघतात आणि ६ फूट कापड ठिगळांसाठी उरते. लुगड्याचा पन्हा एका माणसाच्या पांघरुणाला पुरेसा असल्यामुळे जोड द्यावा लागत नाही. म्हणून एका लुगड्याची एक, अशा तीन थरांच्या दोन स्वतंत्र गोधड्या तुम्हा दोघांसाठी करायचे मी ठरवले आहे. तुझी सात थरांची जोडगोधडी उबदार आहे, यात वाद नाही. पण दसऱ्याच्या आधी ती धुताना बाबांनी एक टोक धरले आणि पिळता पिळता त्यांचा खांदा आखडला, हे तू हसत सांगितलेस, तेव्हा मला हसू आले नाही. भिजलेले जाड पांघरूण उचलायला घरात आता तिसरे माणूस नाही. शिवाय आपल्याकडे पारा १० अंशांच्या खाली जातो तो डिसेंबर-जानेवारीतल्या मोजक्या रात्री, आणि मे महिन्यात तोच ४५ पर्यंत चढतो. एवढी जड गोधडी वर्षाचे बहुतेक महिने पेटीतच पडून असते. थंडी वाढलीच तर दोन पातळ पांघरुणे एकावर एक घ्यावीत. त्यांच्या मधल्या हवेने ऊब अधिक टिकते. तीन थरांतून साधी सुई सहज जाते, दाभणाची गरज पडत नाही, त्यामुळे पुढे कुठे उसवलेच तर तुझ्या बोटांना त्रास न होता ते शिवता येईल.

पहिली गोधडी निम्म्याहून अधिक झाली आहे. तू शिकवलेस तसेच, थर जमिनीवर ताणून अंथरले, मोठे कच्चे टाके घातले आणि मग कडेने धावदोरा धरून आत आत येत आहे. कच्चे टाके टाळले की मधला थर सरकून गोळा होतो, हे शेजारच्या वहिनींच्या गोधडीत पाहिले. दोन ओळींत बोटभर अंतर ठेवले आहे.

मध्यंतरी एक विघ्न आले. कापलेले पट्टे आणि काठासाठी आणलेले नवे लाल पॉपलिन गच्चीवर उन्हात टाकले होते. त्याच दिवशी नळाला पाणी आले, टाकीतला फ्लोट अडकला आणि टाकी भरून वाहिली. पॉपलिनचा रंग सुटून एका पट्ट्यावर गुलाबी डाग पडला. आजीच्या लुगड्याचा रंग मात्र जागचा हलला नाही, कारण त्याला सुटायचे होते ते कित्येक वर्षांपूर्वीच्या धुण्यांत सुटून गेलेले. डागाचा पट्टा मी मधल्या थरात घातला आहे आणि पॉपलिन आता दोनदा धुऊन मगच लावणार आहे.

दुसरा प्रसंग ह्यांचा. भरताचे हिरवे वांगे ह्यांनी टोचे न मारता गॅसवर ठेवले. शेतात कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर बाबा वांगी भाजतात तशी येथेही भाजतील, असा ह्यांचा समज. आतल्या वाफेने वांगे फुटले आणि त्याचा गर ओट्याशेजारी ठेवलेल्या माझ्या लोकरीच्या टोपलीत जाऊन पडला. लोकर अॅक्रिलिकची असल्यामुळे गार पाण्यात साबणाने धुतल्यावर पूर्ववत झाली. धुराचा वास मात्र अजून थोडा येतो. बाबा, तुमच्या स्वेटरला तो आला तर कारण हे समजावे. भरीत उत्तम झाले होते, हे ह्यांनी आवर्जून लिहायला सांगितले आहे.

स्वेटरची पाठ विणून झाली, पण पुढचा भाग मी थांबवून ठेवला आहे. माझ्या हाताला एका इंचात ५ टाके बसतात. जुन्या मापाने, म्हणजे सैलपणा धरून ४२ इंचांना, प्रत्येक भागाचे १०५ टाके होतात. दिवाळीतल्या फोटोत मात्र बाबांचा सदरा खांद्यावरून उतरलेला दिसतो. छाती ४ इंचांनी कमी भरली तर प्रत्येक भागाचे १० टाके कमी करावे लागतील, पाठही उसवावी लागेल. त्याची मला अडचण नाही. तेव्हा आई, तू टेपने नीट माप घे. ‘तेवढेच असेल’ हे बाबांचे उत्तर चालणार नाही. त्याबरोबर वजनही करून कळवा. कमी झाले असेल तर डॉक्टरांना दाखवायला मी रविवारी फैजपूरला येते. बिनबाह्यांचा, पुढून बटणांचा विणते आहे, म्हणजे खांदा दुखत असताना डोक्यावरून घालावा लागणार नाही.

आता दुसऱ्या गोधडीचे. आजीच्या हिरव्या लुगड्याचा काठ अजून शाबूत आहे. तो कापून कडेला फिरवावा की काढून तुझ्याकडे पाठवावा, हे तू सांगितल्याशिवाय मी त्याला कात्री लावणार नाही. थरांची संख्या मात्र तीनच राहील.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुमची मुलगी