बाबांचं काम कमी न लेखणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

समोर बसून आभार मानायला लागले की तुम्ही विषय बदलता आणि कागद पुढे सरकवता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. नाशिकमध्ये चित्र शिकू पाहणाऱ्या मुलामुलींनीही ते वाचावं, अशी मनापासून इच्छा आहे.

भांडी बाजारातल्या आमच्या दुकानात मी लहानपणापासून तांब्या-पितळेच्या भांड्यांवर नावं घालत आले. छिन्नी आणि छोटी हातोडी घ्यायची, टिपक्याला टिपका लावत अक्षर पुरं करायचं. आता हे काम बहुतेक मशीनवरच होतं. चित्रकलेच्या एका वर्गात मी याबद्दल बोलले, तेव्हा 'ती कारागिरी झाली, कला नव्हे' असं उत्तर मिळालं होतं. तुम्ही बाबांकडे तांब्याचा पत्रा घ्यायला आलात, माझा हात बराच वेळ पाहिलात आणि म्हणालात, "हिला धातू कळतो." ते वाक्य बाबा अजून पाहुण्यांना सांगतात.

तुम्ही आधी जर्मन चित्रकार ड्यूररबद्दल सांगितलंत. सोनाराचा मुलगा, वडिलांच्या हाताखाली सोनारकाम शिकलेला. युरोपातलं एन्ग्रेव्हिंगच, म्हणजे धातूच्या पत्र्यावर चित्र कोरून ते कागदावर छापणं, मुळात सोनारांच्या कोरीवकामातून वाढलं. त्याच हाताने १५०२ साली जलरंगात ससा रंगवला आणि १५१४ साली तांब्यावर 'मेलनकोलिया' हे चित्र कोरलं. मग तुम्ही मिरजेवर आलात: १८०५ साली तिथे तांब्याच्या पत्र्यांवरून गीता छापली, आणि ते पत्रे कोरले तांबटाने! सर, त्यानंतर दुकानाचा पत्ता सांगताना मी कधी संकोचले नाही.

शिकवताना तुम्ही माझ्या हाताची जुनी सवय मोडून काढली नाहीत, तिला वळवलंत. हातोडीचा घाव वरून पडतो. ब्युरिन, म्हणजे कोरायचं टोकदार हत्यार, तळव्याने पुढे ढकलावं लागतं. वळण आलं की हात जागेवर ठेवून चामड्याच्या उशीवरची प्लेट फिरवायची. सुरुवातीला ती तुम्हीच फिरवत होतात, मी फक्त हत्यार स्थिर धरायचं. पुढे स्क्रेपरने कडेची कीस काढणं, शाई भरून पुसणं, कागद किती ओला हवा हे बोटांनी ओळखणं. आयुष्यभर अक्षरं सुलटी कोरलेल्या मला ती उलटी कोरायची होती. प्रेसमधून पहिला छाप निघाला आणि माझं नाव सरळ वाचता आलं, तेव्हा तुम्ही माझ्यापेक्षा जास्त खूश होतात.

नारोशंकराचं देऊळ तुम्ही माझ्याकडून पेन्सिलीत, तांब्यावर, जलरंगात आणि तैलरंगात करून घेतलंत. १७४७ सालचं हे काळ्या दगडाचं देऊळ मी रोज जाता-येता पाहत होते, पण नीट पाहायला तेव्हाच शिकले. प्रत्येक वेळी तुमचा प्रश्न एकच: "यात पांढरं कुठून आणणार?" तैलरंगात ते ट्यूबमधून येतं. बाकी तिन्हींत कागदच राखावा लागतो. जलरंगात एकदा ओघळ गेला की गेला. तांब्यावर देवळाच्या सावल्या रेघांच्या जाळीने गडद करता येतात, पण उजेडाची जागा पहिल्या रेघेआधीच ठरलेली हवी. श्रावणात कागद वाळायला तासन्‌तास घेई, आणि पुढचा हात द्यायची मला घाई. तुम्ही चहा सांगायचात.

आणखी एक गोष्ट, जी तुम्हाला आवडणार नाही, तरी लिहितेच. तीनशे जीएसएमचा जाड सुती कागद, शाई, प्रेस यांचे पैसे तुम्ही कधी घेतले नाहीत. बाबांनी दिलेल्या पत्र्याचे मात्र दर वेळी मोजून दिलेत. काकूंनी किती संध्याकाळी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही, त्याचेही आभार इथेच.

हल्ली रविवारी दुकानाच्या वरच्या खोलीत गल्लीतली काही मुलं माझ्याकडे चित्र काढायला येतात. त्यातल्या एकीचा हात तुम्ही पाहायलाच हवा. पुढच्या रविवारी तिला घेऊन येते, प्रेस तिला फिरवू द्या.

तुमची,
भांडी बाजारातली विद्यार्थिनी