ई४६वाल्यांनो, उन्हाळ्याआधी बॉनेट उघडा

मंडळी, होळी तोंडावर आली. ज्यांच्याकडे बीएमडब्ल्यू ई४६ (१९९८ ते २००६) आहे, त्यांनी एक्झॉस्ट-ट्यूनिंगचे बेत जरा बाजूला ठेवून आधी कूलिंग तपासावं.

या गाडीची खोड माहीत आहेच. कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) टाकी आणि रेडिएटरची टोकं प्लास्टिकची, वीस वर्षं भाजून बिस्किटासारखी ठिसूळ झालेली. वरून ठणठणीत दिसतात आणि एक दिवस ऐन घाटात चिरतात. डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यावर तर मुळीच विसंबू नका. साधारण ७५ ते ११५ अंशांपर्यंत तो मुद्दाम मधोमध धरलेला असतो. हलला म्हणजे उशीर झालाच. साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारं यंत्र) लावा, तापमानाचा खरा आकडा दिसेल. इंजिन तापून त्याचं वरचं अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकलं की टाकीच्या कितीतरी पट खर्च.

टाकी, पंप, थर्मोस्टॅट, होज एकदमच बदला. कूलंट फॉस्फेट-नायट्राइट नसलेलं, डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं. कूलंट भरल्यावर आत अडकलेली हवा काढताना इग्निशन ऑन, हीटर पूर्ण गरम, ब्लोअर अगदी हळू. बुडबुडे थांबले की हवेचा स्क्रू बेतानं आवळा, तोही प्लास्टिकचाच! पंपावर पंखा असेल तर त्याचा ३२ मिमी नट उलट्या आट्यांचा आहे. जोर लावण्याआधी आठवा.

इंजिन गरम असताना कूलंटच्या टाकीचं झाकण उघडू नका. सांडलेलं कूलंट लगेच पुसा. चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

गटाचा प्रेशर टेस्टर (कूलंटची गळती शोधणारं यंत्र) दिवाळीपासून कुणाकडे तरी आहे. रविवारपर्यंत परत आणा, रांग लागली आहे.